वाडग्याचे दगड

संपादकांचं पत्र आलं, 'आपण आयुष्यभर दुभाष्याचं काम केलंत, त्यातले गमतीदार अनुभव आमच्या दिवाळी अंकासाठी लिहून पाठवावेत.' पत्रातला 'गमतीदार' हा शब्द मी पेन्सिलीनं खोडला आणि बाकीची विनंती मान्य केली. गमती घडल्या नाहीत असं नाही. जिल्हा कोर्टात तीस वर्षं साहेबांच्या शेजारी उभा राहून लोकांचं बोलणं मी इकडून तिकडं पोचवलं. इंदापूरकडच्या एका साक्षीदाराला साहेबांनी विचारलं, आरोपीला कधीपासून ओळखतोस? त्यानं आपल्या म्हशीच्या वेतांवरून वर्षं मोजायला सुरुवात केली, आणि मी ती पाचही वेतं, त्यातल्या मेलेल्या रेडकासकट, साहेबांना इंग्रजीत सांगितली. साहेबांनी टाक खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहत राहिले. पण धंदा तो धंदा. माणूस बोलला तेवढं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही आणि त्याचं काही गाळायचं नाही.

हा नियम मला कोर्टानं शिकवला असं सगळ्यांना वाटतं. तो शिकवला एका डच माणसानं, मी कोर्टात चिकटायच्या पुष्कळ आधी, एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांत. त्या नियमाच्या आड दडून मी एक गोष्ट केली, ती आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

त्या काळी युरोपातली काही माणसं आपल्या खुशीनं परमुलखात जाऊन अंगमेहनतीची कामं करत. कुठं पूर आला, दुष्काळ पडला, की तिथं जायचं, तिथल्या लोकांबरोबर रस्ता बांधायचा, विहीर खणायची आणि घरी परतायचं. मोबदला घ्यायचा नाही, धर्माचा प्रचार करायचा नाही. अशी चार माणसं एका वर्षी दिवाळी झाल्यावर बारामतीला आली. दौंडकडून येणाऱ्या छोट्या गाडीतून उतरली तेव्हा प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं होतं. सामान घ्यायला हमालांनी हात पुढं केले, तर यांनी हमालांशी हस्तांदोलन केलं. पुण्यातल्या काही सज्जन मंडळींनी त्यांना बोलावलं होतं. मी मॅट्रिक होऊन बारामतीत एका वकिलांकडं अर्ज लिहीत होतो. वकीलसाहेबांनी मला त्यांच्या हवाली केलं. तेव्हापासून त्या मुलखात मला 'मास्तर' म्हणू लागले. मी जन्मात कुणाला शिकवलेलं नाही, पण इंग्रजी येणारा माणूस मास्तर नाही तर फौजदार, आणि माझ्या शरीरयष्टीकडं बघून लोकांनी पहिलं ठरवलं.

चौघांपैकी दोघांचीच नावं इथं सांगायला हवीत. एक हेंड्रिक. उंच, कान कायम लाल, हॉलंडात समुद्राला बांध घालणारा इंजिनीयर. तो म्हणायचा, "आमच्या देशात पाणी बाहेर ठेवायचं असतं, तुमच्याकडं आत. काम एकच." दुसरी एल्सा, डेन्मार्कची परिचारिका. तिला लोक एल्साबाई म्हणत आणि तिच्याकडून डोळ्यांत औषध घालून घ्यायला रांग लावत.

पहिलं काम सुप्याला होतं. बाजाराकडं येणारी गाडीवाट इतकी खडकाळ की बैलांचे खूर फुटत. ती नीट करायची होती. गोरी माणसं उन्हात खडी फोडताना बघायला बाजार लोटला. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं मला बाभळीमागं नेलं.

"मास्तर, खरं सांगा. ह्यांनी तिकडं काय केलतं?"

"म्हणजे?"

"पगार न्हाय, जमीन न्हाय, आन् उनात खडी फोडत्यात. आपल्याकडनं काळ्या पान्यावर धाडत्यात, तसं तिकडनं हिकडं धाडलं असंल. खून का दरवडा?" मग एल्साबाईंकडं बघून त्यानं आवाज आणखी खाली आणला. "बाईनं बी?"

मी हे जसंच्या तसं हेंड्रिकला सांगितलं. तो फावड्यावर रेलून हसला. मग म्हणाला, बाजारात चार माणसांना सांग, आम्ही तुमच्याबरोबर काम करायला आलोय, एवढंच. वाक्य एवढंच होतं. पण समोर दोनशे माणसं, वय बाविशीचं, आणि पारावर उभं राहायला मिळालेलं. मी सांगितलं की हा पुरुष साधा नव्हे, यानं समुद्र मागं हटवलाय, पाण्याला हा म्हणेल तिकडं जावं लागतं. टाळ्या पडल्या. हेंड्रिकला वाटलं, लोकांना काम करणारी माणसं आवडली.

सुपे कालव्याच्या वर आहे. नीरेचं पाणी बारामतीच्या, इंदापूरच्या रानात खेळतं आणि सुप्याची माणसं ते लांबून बघतात. चार दिवसांनी हेंड्रिकला रस्त्याकडेला एक शेतकरी रानात पाट खणताना दिसला. कोरड्या ठणठणीत रानात सरळ रेघेत खणलेला पाट. हे काय चाललंय म्हणून त्यानं मला विचारायला लावलं. शेतकरी हात जोडून म्हणाला, "सायेब पानी वर चढवनार हायती न्हवं? म्हटलं आपली तयारी असावी."

हे हेंड्रिकला सांगताना पारावर मी काय बोललो होतो तेही सांगावं लागलं. त्याचे कान पांढरे पडलेले मी तेवढ्या एका वेळी पाहिले. त्यानं मला त्या माणसासमोर उभं केलं आणि मी खोटं बोललो हे माझ्याच तोंडून मराठीत वदवून घेतलं. शेतकरी रागावला नाही. त्यानं कुदळ खांद्यावर टाकली आणि खणलेल्या पाटाच्या कडेकडेनं घराकडं गेला. परत येताना हेंड्रिक मला म्हणाला, "मी बोलतो तेवढंच सांगायचं. लोक बोलतात तेवढंच मला सांगायचं. तुझा स्वतःचा एक शब्दही नको." मी मान हलवली. मला फार लागलं होतं.

त्याच रस्त्यावर मी त्याचं आणखी एक रूप पाहिलं. वाटेचा एक तुकडा चुकून एका विधवा बाईच्या खळ्यावरून गेला होता. तिनं तक्रारही केली नव्हती, नुसती येऊन उभी राहिली होती. हेंड्रिकनं दोन दिवसांचं काम चौघांच्या हातांनी उखडून काढलं आणि वाट वळवली. लोक म्हणाले, येडं हाय. मी मात्र त्याला मनातून मानायला लागलो.

पौषात आम्ही इंदापूर तालुक्यात गेलो. निरवांगीच्या अलीकडं माळावर एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, कारण ते माझं आजोळ. कालवा वाडीच्या खालून जातो आणि वर माळावर प्यायलाही पाणी नाही. बायका उतारानं कालव्यावर जात आणि भरल्या घागरी घेऊन चढ चढत, दिवसातून तीनदा. माझ्या मामीच्या डोक्यावर चुंबळ बसायची तिथं केस उरले नव्हते. तिथं तळं व्हावं म्हणून खटपट करणाऱ्यांत मी होतो, आणि त्या खटपटीची मला आजही लाज वाटत नाही.

हेंड्रिकनं आठ दिवस माळ मोजला आणि दोन जागा काढल्या. एक वरच्या ओढ्यावर. तिथं तात्या पाटलांच्या ज्वारीचं थोडं रान पाण्याखाली जाणार होतं आणि खोदाईला तीन आठवडे जास्त लागणार होते. दुसरी खालच्या खोलगटात. दोन्हीकडं पाणी सारखंच राहील, असं तो म्हणाला. कुठं बांधायचं ते गावानं ठरवावं.

मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. हेंड्रिकची रीत अशी की जागा ठरायच्या आधी एकच प्रश्न तीनदा विचारायचा: ही जागा कुणाच्या वापरात आहे का? मी तीनदा विचारलं. तात्या पाटलांनी तीनदा सांगितलं.

"कुणाच्याबी न्हाय. मोकळं रान हाय. बघा की, हाय का तितं कोन?"

तिथं कोणी नव्हतं, ही गोष्ट खरी होती. पौषात तिथं कोणी नसतंच. त्या खोलगटात धनगर राहत, पण पावसाळ्याचे चार महिनेच. दिवाळी झाली की बिऱ्हाड तट्टांवर लादून मेंढरं घेऊन ते घाट उतरून कोकणात जात आणि मेअखेरीस रोहिण्या लागल्या की परत येत. पावसाळ्यात कोकणात मेंढरू जगत नाही आणि उघड्या माळावर वारं कोकराला जगू देत नाही. म्हणून ते खोलगट. तिथं त्यांनी दगडावर दगड रचून छातीएवढ्या भिंतींची गोल वाडगी केली होती. पाचसहा तरी होती. रात्री मेंढरं वाडग्यात आणि माणसं वाडग्याच्या आडोशाला. मला हे सगळं माहीत होतं, कारण पावसाळ्यात आजोळी आलो की माझा मुक्काम मामाच्या घरात कमी आणि म्हाकूआबाच्या वाडग्यात जास्त असायचा. म्हाकूआबा त्या धनगरांतला वडीलधारा. त्यानं मला मेंढीचं दूध पाजलेलं होतं.

हेंड्रिकनं त्या दगडी वर्तुळांकडं बोट केलं. "ही कुणी बांधली?"

पाटील म्हणाले, "जुनं हाय ते. आमच्या आज्याच्या बी आदीचं."

हेही खोटं नव्हतं. मी इंग्रजीत सांगितलं: जुनी आहेत, आजोबांच्याही आधीची. हेंड्रिकला वाटलं, पडक्या किल्ल्यासारखं काहीतरी असेल. बैठकीत तीसचाळीस माणसं होती. प्रत्येकाला म्हाकूआबा माहीत होता, प्रत्येकाच्या रानात त्याची मेंढरं बसून खत झालेलं होतं. कुणी बोललं नाही. पाटलांच्या पुढं बोलायची पद्धत नव्हती, आणि पाणी तर सगळ्यांनाच हवं होतं, शक्य तितक्या लवकर. हेंड्रिकनं शेवटी उभं राहून सांगितलं, आमचं काम कुणाच्या मुळावर आलं तर आम्ही ते याच हातांनी काढून टाकू. हे मी फार चांगल्या मराठीत सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या.

बैठक उठल्यावर परतताना हेंड्रिक माझ्याशेजारून चालत होता. त्यानं विचारलं, "हे तुझं आजोळ ना? तुला काय वाटतं, जागा बरोबर आहे?"

मी थांबलो. उत्तर माझ्या ओठांवर होतं. मग मला सुप्याचा तो कोरडा पाट आठवला, त्या शेतकऱ्यापुढं उभं राहून खाल्लेला अपमान आठवला, आणि माझ्या आत काहीतरी ताठ झालं. मी म्हणालो, "मी दुभाषा आहे. माझा एक शब्दही नको, असं तुम्हीच सांगितलंय."

त्यानं माझी पाठ थोपटली. म्हणाला, "आता तू तयार झालास." मला तेव्हा केवढा आनंद झाला होता! तो आनंद आठवला की आजही अंगावर काटा येतो.

काम सुरू झालं. पाहुण्यानं आपल्या गावात डोक्यावर माती वाहायची, हे काही वाडीला पटेना. हेंड्रिकनं पाटी उचलली की कुणीतरी बाई धावत येई, 'आगं बया, सायेबाच्या डोक्यावर!' म्हणत पाटी आपल्या डोक्यावर घेई. तो दुसरी उचली, दुसरी बाई येई. पहिल्या आठवड्यात त्या माणसाची एक पाटी बांधापर्यंत पोचली नाही. शेवटी तो पाटी घेऊन पळत सुटायला लागला, लांब टांगा टाकत, आणि मागून बायका. तात्या पाटील खाटेवर बसून ओरडायचे, "आगं धरा धरा, पळालं!" त्या चार महिन्यांत वाडी जितकी हसली तितकी पुन्हा कधी हसली नसेल. एल्साबाई बायकांबरोबर ओळीत बसून मुरूम भरायच्या आणि शिकलेल्या दोन ओव्या भयंकर चालीत म्हणायच्या. चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्यांच्या हातांची सालं निघाली, पण एक दिवस खाडा केला नाही. मी हे मुद्दाम लिहितो. ती माणसं चांगली होती. वाईट काय ते आमच्यात होतं.

मातीचा बांध पाण्यानं धुपू नये म्हणून आतल्या अंगाला दगड बसवावे लागतात. दगड फोडून आणायचे तर महिना गेला असता. हेंड्रिक वाडग्यांपाशी गेला, दगड हातात घेऊन पाहिला आणि खूश झाला. जवळच, तयार, हाताला बसणारे. वाडग्यांपलीकडं शेंदूर लावलेला धनगरांचा बिरोबा होता. तो पाटलांनी पहिल्याच दिवशी नारळ फोडून वरच्या लिंबाखाली नेऊन ठेवला होता. मग आम्ही ओळ लावली आणि हातोहात वाडगी मोडली. त्या ओळीत मीही होतो. दगडांच्या फटींत लोकरीची पुंजकी अडकलेली असत. एल्साबाईंनी एक पुंजकं चिमटीत धरून मला विचारलं, "इथं मेंढ्या येतात?"

इथं मी कुणाचं भाषांतर करत नव्हतो. प्रश्न मला होता. मी म्हणालो, "कधीमधी." त्यांनी ते पुंजकं खिशात ठेवलं.

ज्येष्ठ लागायच्या सुमाराला बांध पुरा झाला. वळवाच्या दोन सरी पडून तळ्यात गुडघाभर गढूळ पाणी साचलं, तर वाडीतल्या बायका ते बघायला रोज यायच्या. निरोपाचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी घंटांचा आवाज आला. कुत्री पुढं, मग मेंढरं, मग लादलेली तट्टं, तट्टांवर खुराड्यात कोंबड्या, आणि कुत्र्यांच्याही पुढं काठी टेकत म्हाकूआबा. बांधाच्या माथ्यापाशी आला आणि उभा राहिला. मेंढरांना वाट पाठ असते. ती त्याला ओलांडून खाली गेली आणि पाण्याच्या कडेला जाऊन थबकली.

बांधावर हेंड्रिक होता, मी होतो, दहाबारा बायका होत्या, त्यांत माझी मामी. तात्या पाटील सकाळीच कामानिमित्त निरवांगीला गेले होते.

म्हाकूआबा बांधाच्या आतल्या बाजूनं उतरला. बसवलेल्या दगडांवर हात फिरवत चालला आणि एका दगडापाशी वाकला. त्या दगडाला बोटभर खोल, घासून गुळगुळीत झालेली खाच होती. "ह्यो माझ्या वाडग्याच्या दारातला. ह्याच्यावर मी कातरीला धार लावायचो." मग वर माझ्याकडं पाहिलं. "तू बायजीचा नातू न्हवं?"

"होय, आबा." बायजी माझी आजी.

"आन् तू हितंच हुतास? हे बांधत्यात तवा?"

मी त्या दगडाकडं पाहिलं. त्याला ते पुरलं.

"बरं. झालं ते झालं. तुला ह्याची बोली येती न्हवं? मग त्याला इचार, आमी चार म्हयनं कुठं ऱ्हायाचं. सून भरल्या दिसांची हाय. कोकरं हायती. माळावरचं वारं तुला ठावं हाय. इचार त्याला. माणूस बरा दिसतुया, कायतरी सांगंल."

सून तट्टाच्या दोरीला धरून उभी होती, एक हात पोटावर. हेंड्रिक बांधावरून खाली येत होता, उत्सुकतेनं, कारण म्हाताऱ्यानं दगडांवर हात फिरवलेला त्यानं पाहिला होता. "काय म्हणतोय तो?"

काय म्हणतोय ते मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्यानं निरोपाचा दिवस रद्द केला असता, फावडं उचललं असतं आणि मोठा पाऊस लागायच्या आत बांध फोडला असता. सुप्याचा रस्ता त्यानं माझ्या डोळ्यांदेखत उखडला होता. वरच्या ओढ्यावर पुन्हा काम निघालं असतं की नाही, देव जाणे. त्यांचे परतीचे दिवस ठरलेले होते आणि पाटलांनी ज्वारीचं रान सुखासुखी दिलं नसतं. मामी माझ्याकडं बघत होती. घागर तिच्या कमरेवर होती आणि तिचा हात त्या घागरीच्या गळ्याशी घट्ट आवळलेला होता.

मी हेंड्रिकला म्हणालो, "तो म्हणतो, इथून समुद्रापर्यंत मी दरसाल जातो-येतो, पण असं काम कुठं पाहिलं नाही."

एवढं मोठं वाक्य मी पदरचं घातलं, आणि माणसाचं सगळं म्हणणं गाळलं. हेंड्रिकचा चेहरा उजळला. त्यानं म्हाकूआबाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, हसला, आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलला. ते मला कळलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हाकूआबानं हात सोडवून घेतले नाहीत. तो आधी त्याच्याकडं बघत राहिला आणि मग माझ्याकडं. एल्साबाई माथ्यावरून सुनेकडं बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ही बाई कुठं राहते? मी तिला तपासू का?" मी म्हणालो, "त्यांचं गाव पुढं आहे. ते घाईत आहेत."

म्हाकूआबानं शीळ घातली. कुत्र्यांनी मेंढरं वळवली. लिंबाखाली जाऊन त्यानं बिरोबाचा दगड उचलला, घोंगड्यात गुंडाळला आणि तट्टावर ठेवला. मग ती सगळी वरकुटे गावाच्या दिशेनं गेली. दुसऱ्या दिवशी ढोल-लेझीम लावून आम्ही पाहुण्यांना वाटे लावलं. हेंड्रिकला बायकांनी ओवाळलं. तात्या पाटलांनी भाषण केलं आणि त्याचं मी शब्दन् शब्द भाषांतर केलं.

त्या पावसाळ्यात म्हाकूआबाचं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. सून वरकुट्याजवळ कुणाच्या तरी गोठ्यात बाळंत झाली. पोर जगलं. कोकरं फार थोडी जगली. पुढल्या वर्षी त्यांनी दुसरीकडं जागा पाहिली, तिथल्या लोकांनी हुसकलं. मग मेंढरं कमी झाली आणि मग कोकणात जाणं बंद झालं. वाडीत मात्र मामीच्या डोक्यावर केस आले. खरंच आले. ती मला पदर मागं सारून दाखवायची, हसायची, आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

हेंड्रिकची पत्रं यायची. वर्षातून एखादं, तळ्यात पाणी किती आहे विचारणारं. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं की मन उदास झालं की मला तुमचा तो मेंढपाळ आठवतो. देशोदेशी कामं केली, पण इतका मान कुणी दिला नाही. ते पत्र मी चुलीत घातलं. पुढं जगात लढाईचं वारं सुटलं, तेव्हा मला उगाच वाटायला लागलं की आता उशीर होईल. मी चार पानं लिहिली. बैठकीत काय झालं, दगड कुणाचे होते, म्हातारा खरं काय म्हणाला, सगळं. बारामतीच्या पोस्टात ते पाकीट टाकलं. लढाई पेटली आणि काही महिन्यांनी पाकीट परत आलं, वर कसलेकसले शिक्के मारलेले. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. तो जगला की गेला, मला कळलेलं नाही. तो मेला असेल तर त्या म्हाताऱ्याचा मान मनात धरूनच मेला.

पाकीट परत आलं त्याच आठवड्यात मी म्हाकूआबाला शोधायला निघालो. दोघांपैकी आता त्यालाच सांगणं शक्य होतं. बारामतीजवळ कालव्याच्या कडेला उसाच्या एका गुऱ्हाळावर तो सापडला. काहिलीखालच्या जाळात उसाची चिपाडं सारत बसला होता. मेंढरं उरली नव्हती. मुलगा त्याच गुऱ्हाळावर ऊस तोडत होता आणि नातू चिपाडांच्या ढिगावर खेळत होता. मला ओळखून त्यानं बसायला पोतं सरकवलं आणि द्रोणात काकवी दिली. मी काकवी हातात धरूनच म्हणालो, "आबा, त्या दिवशी मी साहेबाला तुमचं बोलणं सांगितलं नाही. भलतंच सांगितलं."

त्यानं चिपाडाची पेंडी जाळात लोटली. "ठावं हाय."

"कसं?"

"त्यानं माझं हात धरलं आन् हसला. आमी ऱ्हायाचं कुठं म्हून इचारल्यावर कोन हसतं व्हय?"

काकवी माझ्या बोटांवर ओघळत होती. मी म्हणालो, "तुम्हाला कळलं होतं, तर मग तिथंच बोलला का नाहीत? ओरडायचं होतंत. त्याचा हात धरून त्याला तो दगड दाखवायचा होतात."

म्हाकूआबानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू हा शिकलेला माणूस एवढं साधं कसं विचारतो. "आरं, बोललो की. जेवडं हुतं तेवडं तुलाच बोललो. तितं त्याची बोली येनारा तू एकलाच हुतास."

मग तो परत जाळाकडं वळला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी हे इतकी वर्षं लिहायचं टाळलं नसतं.